छपरावरचे चौघे

आई म्हणायची, तुझं पाचारण ठरलेलं आहे.
सातव्या महिन्यात जन्मलो, निळा पडलो होतो,
जालन्याच्या मिशन दवाखान्यात तिने देवाशी सौदा केला:
श्वास दे, पोरगा पाळक होईल.
मला हे सोळाव्या वर्षी सांगितलं,
दहावीचा निकाल बघून.

कोपरखैरणेत माथाडींच्या बैठ्या घरातली एक खोली.
डोळे मिटून शास्त्र उघडायचो, बोट टेकवायचो.
कधी वंशावळ निघे, कधी मोजमापं,
पडदा किती हात, कड्या किती.
रात्री काही वाजलं की अंथरुणात उठून बसायचो,
म्हणायचो, मी इथेच आहे.
भिंतीपलीकडून उजागरेकाका ओरडायचे,
शांतवन, टाकी वाहतेय रे, मोटर बंद कर आधी!

पुण्याला दीड वर्ष काढलं. ग्रीक क्रियापदं पाठ केली.
पहिल्या सरावाच्या प्रवचनाला
समोर अकरा जण होते, सगळे ओळखीचे.
आरंभीची प्रार्थना झाली आणि
पुढचं वाक्य कुठे गेलं ते मला आजतागायत सापडलेलं नाही.
परत आलो तेव्हा आई काहीच बोलली नाही,
फक्त भाकऱ्या फार पातळ थापल्या.

मग आयटीआय. मग लिफ्ट.
एकोणीस वर्षं झाली, हाताला ग्रीसचा वास
रविवारी उपासनेतसुद्धा असतो.

त्या पहाटे घणसोलीहून फोन. सेक्टर नऊ.
लाइट गेलेली, वाघधरेबाई डायलिसिसला निघालेल्या,
चाकाच्या खुर्चीसकट
पाचव्या आणि चौथ्याच्या मध्ये.
हसुराम वॉचमन बॅटरी धरून पुढे, मी मागे,
अकरा जिने चढून गच्चीवर.
पारसिकच्या डोंगरावर एकदोन दिवे,
खाडीकडून चिखलाचा वास.
मशीन रूमचं दार गंजलेलं, लाथ घालावी लागली.

खालून, दोरांच्या भोकातून, आवाज आला:
वर कुणी आहे का?
आहे, म्हणालो.
माझा आवाज अजिबात अडखळला नाही.
ताई, आता थोडी हलेल. घाबरू नका.
हसुरामने लिव्हर दाबून ब्रेक सोडला,
मी चाक दोन्ही हातांनी धरलं,
एक वीत, थांब. एक वीत, थांब.
घाई केली की गाडी ओढ घेते,
ते तळव्याला कळतं, डोक्याला नंतर.

घरी आलो तेव्हा उजाडलं होतं.
चहा ठेवला आणि पक्षघाती माणसाची गोष्ट काढली,
ह्या वेळी डोळे उघडे ठेवून, पान शोधून.
रविवारच्या शाळेत फ्लॅनेलच्या फळ्यावर
ही गोष्ट आम्ही कितीदा चिकटवली असेल!
खाटेवरचा माणूस मधोमध, प्रभू त्याच्या उशाशी,
आणि वरचे चौघे कापडातून कधी नीट कापलेच नव्हते,
नुसते आठ हात.

त्यांची नावं दिलेली नाहीत.
त्यांनी एक शब्द बोलल्याचंही लिहिलेलं नाही.
मी मात्र चहा उतू जाईपर्यंत तिथेच अडकलो:
दोर किती लागेल हे कुणी मोजलं?
एकाने जरा जास्त सोडला असता तर
खाट एका कोपऱ्यावर कलली असती.
कुणीतरी हळू आवाजात म्हणत असणार,
एक वीत, थांब.
आणि दुसऱ्या दिवशी ते भगदाड?
घरमालकाकडे चिखलाची पाटी घेऊन
कुणी गेलंच असेल ना?
त्याबद्दल शास्त्र गप्प आहे.
तिथे समासात मी पेन्सिलीने
एक बारीक टिंब काढलं.

आईला हल्ली फारसं आठवत नाही.
तिच्या लेखी मी पाळक झालेला आहे,
कुठल्या मंडळीत ते रोज बदलतं.
चहाची बशी तिच्या हातात दिली तशी म्हणाली,
आज कशावर बोललास?
छपरावर.
लोक होते?
एक बाई होत्या, म्हणालो.
खुर्चीत होत्या. उतरल्या नीट.
ती मान हलवत राहिली, फुंकर घालत,
मग माझे हात बघून म्हणाली,
साबण लाव. पुन्हा बोलावतील.